बहात्तरावा हिस्सा

२०२५ च्या दिवाळीत आमच्या नागावच्या घराच्या अंगणात जो किल्ला झाला, त्याची आळीत बरीच चर्चा झाली. किल्ला माझ्या मुलीने केला होता. अलिबागचा कुलाबा. विटांच्या तुकड्यांवर माती थापून तट उभे केलेले, भोवती जुन्या परातीत नीळ घातलेले पाणी, आणि ओहोटीच्या वेळी किल्ल्यात चालत जाता येते म्हणून खऱ्या समुद्रावरून आणलेल्या वाळूची एक वाट. तटावर अळिवाची हिरवळ, सिंहासनावर महाराज, दरवाजाशी मावळे. इथपर्यंत सारे रीतीला धरून होते. पण वाळूच्या त्या वाटेवर, मावळ्यांपासून वीतभर अंतरावर, एक राखाडी रंगाचे जेट विमान तीन चाकांवर उभे होते.

शेजारचे एक निवृत्त मुख्याध्यापक बराच वेळ चष्मा वरखाली करून पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, "प्राध्यापक, इतिहासाची काही चाड?"

मी म्हणालो, "ते नानांचं आहे."

"असं होय!" म्हणून त्यांनी मान डोलावली आणि इतिहासाला तेवढ्यापुरती रजा दिली.

चूक केवळ काळाची नव्हती, मापाचीही होती. ते विमान खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचे आहे. बहात्तर ही संख्या विचित्र वाटेल, पण तिचा हिशेब सरळ आहे: सहा फुटांचा एक इंच. सहा फुटी माणूस या मापात एक इंचाचा होतो. त्या न्यायाने आमचे तीन इंची मावळे अठरा फूट उंच ठरले. विमानातून उतरलेल्या वैमानिकाने त्यांना पाहिले असते, तर तो पुन्हा आत जाऊन बसला असता!

हे विमान तेथे कसे उतरले, ते आता सांगायला हवे.

मी अलिबागच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. हाताने करायच्या कामांशी माझे जन्माचे वाकडे आहे. मी भिंतीत खिळा ठोकायला घेतला, की घरची मंडळी आधी कापूस आणि औषधाची बाटली शोधून ठेवतात. नाना, म्हणजे माझे वडील, नेमके याच्या उलट. त्यांच्या हातात आलेली वस्तू दुरुस्त होऊनच खाली येते. मात्र त्यांच्या तोंडून वाक्य बाहेर पडायला वेळ लागतो. मी शब्दांवर पोट भरणारा, आणि ते शब्दांना अनाठायी खर्च समजणारे. एम. ए. चा निकाल लागला तेव्हा मी धावत घरी जाऊन त्यांना वर्ग सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सायकलची चेन बसवलीस का?"

नाना १९७४ साली नागाव सोडून ओझरला गेले. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली निघाला, तो मिग-२१ या लढाऊ विमानासाठीच. इंजिने ओरिसातल्या कोरापुटला होत, विजेची आणि रडारची यंत्रे हैदराबादला, आणि विमानाचा सांगाडा ओझरला तयार होऊन तेथेच सारे एकत्र जुळे. आधी एफएल नावाचा नमुना, मग एम, मग बिस. नाना आयटीआयमधून शिकलेले फिटर. विमानाच्या पत्र्याला रिबिटी मारणे हे त्यांचे काम. मी तेथल्या वसाहतीत वाढलो. आभाळ गडगडले तरी आमची आई वाळत घातलेले पापड उचलायला धावत नसे; तो ढग की मिग, हे तिला आवाजावरून कळे. नाना २०१२ साली निवृत्त झाले आणि आईला घेऊन नागावच्या वाडीत परतले. २०१९ साली आई गेली. पुढे तीन वर्षांनी नानांच्या उजव्या हाताला कंप सुटला.

पार्किन्सन, असे डॉक्टरांनी सांगितले. मात्र या कंपाची एक गंमत आहे. हात मांडीवर स्वस्थ ठेवला असला की तो थरथरतो. हातात काम घेतले की बराचसा थांबतो. हे ऐकल्यावर नाना म्हणाले, "म्हणजे मला रिकामं ठेवू नका, एवढंच ना?" पण त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला रोज काम कोठून आणून द्यायचे? वाडीतल्या सुपाऱ्या सोलून झाल्या, घरातली सगळी कुलुपे तेल घालून झाली. शेवटी मी चालू असलेला पंखा बंद पडला असे खोटेच सांगू लागलो होतो.

अशा वेळी, २०२५ च्या आषाढात, माझ्या मेहुण्याने जर्मनीहून आपल्या भाचीसाठी एक पेटी पाठवली. पेटीवर ढगांतून झेपावणाऱ्या मिग-२१ चे झोकदार चित्र. मुलीने मोठ्या उत्सुकतेने झाकण उघडले आणि तिचा चेहरा पडला. "बाबा, हे तर तुटूनच आलंय!"

आत विमान नव्हतेच. करड्या प्लास्टिकच्या चौकटींना पपनसाच्या गरांसारखे चिकटलेले शंभरावर तुकडे होते, आणि चित्रांची एक पुस्तिका. मुलीचा उत्साह दहा मिनिटांत ओसरला. मी पुस्तिका उलटसुलट करून पाहिली आणि माझा तर पाचांतच. तेवढ्यात झोपाळ्यावरून उठून नाना आले. त्यांनी एक चौकट खिडकीशी नेऊन उजेडात धरली. पाठीवरचा फुगीर कणा पाहिला, पोटाकडची बाजू पाहिली.

"बिस आहे," ते म्हणाले. त्या दिवशीचे त्यांचे ते पहिले वाक्य.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग आमच्या हातून गेला.

मी सवयीप्रमाणे आधी या विषयावर वाचून काढले. प्लास्टिकची अशी विमाने विकायची कल्पना इंग्लंडातली. १९३६ साली 'फ्रॉग पेंग्विन' नावाने बहात्तराव्या हिश्शाची विमाने तेथे बाजारात आली. पुढे युद्धात आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते, हे नुसत्या आकारावरून ओळखता यावे म्हणून सैनिकांना याच मापाचे नमुने दाखवीत. १९५३ साली 'एअरफिक्स' कंपनीने दोन शिलिंगांत स्पिटफायर विमान आणले आणि घरोघरची पोरे, पोरांहून अधिक त्यांचे बाप, या नादी लागले. ही सगळी माहिती मी रात्री जेवताना नानांना सांगितली. ते म्हणाले, "कात्री कुठे ठेवलीस?"

मग काम सुरू झाले. सुरू झाले म्हणजे नानांनी सांगायचे आणि मी करायचे, कारण अगदी बारीक काम त्यांच्या डोळ्यांना झेपत नव्हते, आणि मला कोणतेच. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, आमच्या टेबलावर तो जेमतेम दहा सेंटीमीटर. लांबी वीतभर. पंखांवर पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या बारीक रेघा कोरलेल्या होत्या. मला त्या फार नाजूक वाटल्या. नानांनी भिंगातून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही रेघ केवढी असेल?"

"असेल पाव मिलिमीटर."

"बहात्तरनं गुण."

मी गुणले. अठरा मिलिमीटर.

"अठरा मिलिमीटरची फट! बोट जाईल आत. एवढी फट मी ठेवली असती, तर इन्स्पेक्टरनं मला फटीतच बसवून उडवलं असतं." आणि नाना हसले. आई गेल्यापासून मी त्यांना इतके मोकळे हसताना पाहिले नव्हते.

पहिले काम होते वैमानिकाच्या बसण्याच्या जागेचे. नखाएवढी खुर्ची, तिच्यापुढे नखाच्या चतकोराएवढी घड्याळांची पाटी. पुस्तिकेप्रमाणे खुर्चीला एक रंग फासला की झाले. नानांनी गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीचा चंदेरी वर्ख मागवला, त्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या कापायला लावल्या आणि त्या खुर्चीवर पट्टे म्हणून चिकटवायला लावल्या. खांद्यांचे दोन, कमरेचे दोन. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. माझी मान आखडली.

"नाना," मी म्हणालो, "हे सगळं आत जाणार. वर काच बसणार. आत कोण बघणार आहे?"

"बसणारा बघणार," ते म्हणाले.

यावर वादाला जागा नव्हती. पुढच्याच आठवड्यात माझ्याकडून एक प्रमाद घडला. हे तुकडे जोडायचे द्रव्य डिंकासारखे नुसते चिकटवीत नाही. ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवते, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि वाळल्या की एकजीव होतात. त्यातले थोडे माझ्या अंगठ्याला लागले, मी पंख उचलला आणि त्याच्या खालच्या बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला. खत लिहून दिल्यासारखा स्वच्छ! पंखाची खालची बाजू. विमान उभे राहिल्यावर ती टेबलालाच दिसणार. पण मी काही बोललो नाही. लांबी भरली, वाळू दिली, पाण्याच्या पॉलिशपेपरने घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. तिसऱ्या रात्री नानांनी डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवले आणि पंख माझ्या हाती परत दिला.

मिगचे नाक पुढे उघडे असते. त्या तोंडातून हवा आत जाते आणि मधोमध एक सुळका असतो. आमच्या विमानाचे वजन मागे पडत होते, चाकांवर उभे केले तर ते शेपटीवर बसणार हे उघड होते. पुस्तिकेत नाकात वजन भरा असे चित्र होते. कोठून आणायचे ते नव्हते. नानांनी मला कोळीवाड्यात पिटाळले. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाचे मणी ओवतात, त्यांतले चार मणी एका ओळखीच्या नाखव्याने हसत हसत दिले. "मास्तर, कसली मच्छी धरताय?" मी म्हणालो, "विमान." ते शिसे आम्ही ठोकून चपटे केले आणि सुळक्याच्या मागे दडवले. नाकावरची लांब सळई मी चौकटीतून कापतानाच मोडली होती. तिच्या जागी माडाच्या खराट्यातला एक हीर तासून बसवला. ओझरचा मिग असा थोडाथोडा अष्टागरचा होऊ लागला.

आता धडाचे दोन भाग जोडायचे होते. हा सांधा विमानाचा कणा. द्रव्य लावले, की दोन्ही भाग घट्ट मिळवून काही मिनिटे हलू न देता धरावे लागतात. आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. एक कड त्यांच्या हातात, एक माझ्या. बाहेर श्रावणातली सर कोसळत होती, आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे वीज गेली. हात सोडता येत नव्हते, म्हणून कोणीच मेणबत्तीसाठी उठले नाही.

अंधारात नाना आपण होऊन बोलू लागले. रिबिट मारायला दोन माणसे लागतात, ते म्हणाले. एक बाहेरून पिस्तूल चालवतो, दुसरा पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा धरतो. बाहेरून ठोका बसला, की आतले टोक ठोकळ्यावर चेपते. मध्ये पत्रा, म्हणून दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही, आणि आवाज एवढा, की हाक ऐकू जात नाही. मग आतला माणूस ठोकळ्याने पत्र्यावर खूण करतो. एक टकटक म्हणजे अजून मार. दोन टकटक म्हणजे बसली, पुढे चल. नानांनी कितीतरी वर्षे आतून ठोकळा धरला होता.

मला वाटले, आता विचारावे. जो प्रश्न मी चाळीस वर्षे विचारला नव्हता, तो अंधारात विचारणे सोपे गेले.

"नाना, मिग पडल्याची बातमी यायची, तेव्हा तुम्हांला काय वाटायचं?"

पाऊस वाजत राहिला. मला वाटले, त्यांनी ऐकलेच नाही.

"पेपरात नंबर देत नसत," ते म्हणाले.

"कसला नंबर?"

"विमानाचा. कुठं पडलं ते देत. कोण गेला ते देत, फोटो देत. नंबर नाही. मग मी ते माझंच धरायचो."

"प्रत्येक?"

"माझं नाही असं म्हणायला नंबर हवा ना!"

माझ्या हातांतली पकड ढिली झाली असावी, कारण लगेच ते म्हणाले, "धरून ठेव."

मी धरून ठेवले. आणि लहानपणच्या काही संध्याकाळी मला आठवल्या. नाना कामावरून येत, पुन्हा आंघोळ करीत आणि न जेवता खाटेवर पडून राहत. आई आम्हांला सांगे, त्यांचं पोट बिघडलंय. एवढे दणकट पोट अधूनमधून का बिघडते, हे मी कधी विचारले नाही. आईला ठाऊक असणार. ती त्या रात्री स्वतःही जेवत नसे.

मला बोलायचे पुष्कळ होते. मला आकडे ठाऊक होते. २०१२ साली, नाना निवृत्त झाले त्याच वर्षी, संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले होते, की हवाईदलाच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत सापडली आणि १७१ वैमानिक गेले. सगळी काही मिग-२१ नव्हती, सगळी ओझरचीही नव्हती. मला कारणेही ठाऊक होती. एकच इंजिन, ते थांबले की दुसरा आधार नाही. आखूड त्रिकोणी पंखांमुळे ताशी तीनशे किलोमीटरच्या घरातल्या वेगाने जमिनीला टेकावे लागे. कधी पक्षी, कधी माणसाच्या हातची चूक. शिकाऊ वैमानिक संथ विमानावरून एकदम या चपळ विमानावर येत; मधली पायरी म्हणावे असे हॉक विमान २००८ साली आले. आणि नानांच्या रिबिटीने काही बिघडले असे कधी कोणी म्हटले नव्हते. प्रत्येक कामावर तपासनिसाचा शिक्का असे. हाच मिग १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या गव्हर्नरच्या निवासस्थानावर अचूक मारा करून आला होता, हेही मी सांगू शकलो असतो.

पण मी यातले एक अक्षर बोललो नाही. भाषा शिकवून आयुष्य काढलेल्या माणसाला एवढे तरी उमगावे, की हिशेब आणि सुतक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाना हिशेब विचारीत नव्हते. ज्यांचे नाव आपल्याला ठाऊक नाही, अशा मुलांचे सुतक ते इतकी वर्षे गुपचूप पाळत आले होते. आणि तपासनिसाचा शिक्का कागदावर असतो, तो तेथवर पोहोचत नाही. वीज आली तेव्हा सांधा पक्का झाला होता.

राहिला रंग. बाजारातून आणलेला डबा मी ओसरीवर बसून फवारला. पावसाळी हवेतला ओलावा त्या रंगाने शोषून घेतला आणि सारे विमान दुधाळ पांढरे, कोड फुटल्यासारखे दिसू लागले. सगळे घासून काढावे लागले. मग नाना म्हणाले, "पेणला जाऊ."

गणपती होऊन गेले होते. पेणचे कारखाने वर्षभराच्या धावपळीनंतर जरा विसावले होते. आमच्या घरची मूर्ती ज्यांच्याकडून येते, त्या मूर्तिकारांकडे गेलो. त्यांनी वीतभर विमान तळहातावर घेतले, हसले नाहीत. रंग फवारायचे यंत्र स्वच्छ धुतले, रंगात पातळ द्रव्य मिसळून काडीवरून ओघळवून पाहिला. "निरशा दुधासारखा उतरला पाहिजे," ते म्हणाले. एकदम भरपूर मारायचा नाही. धुके बसल्यासारखे पातळ हात, आणि दोन हातांमध्ये थांबणे. माझी चूक थांबण्याचीच होती. फिकट राखाडी रंग चढत गेला, आणि ज्या जागी माझा अंगठा उमटला होता तेथे मी जाऊन पाहिले. काही नव्हते.

बारीक खुणा रंगवताना त्यांनी मला मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कशी करतात ते सांगितले. ती सर्वांत शेवटी. कोपर टेकायचे, अर्धा श्वास सोडायचा आणि थांबायचे. रेघ त्या थांबलेल्या श्वासात ओढायची. नाना लक्ष देऊन ऐकत होते. निघताना दोघे कारागीर एकमेकांकडे पाहून नुसते मान हलवून मोकळे झाले. मी मात्र चार वाक्ये आभाराची बोललो, आणि ती उगीचच बोललो असे मला फाटकाबाहेर आल्यावर वाटले.

उरले होते हवाईदलाचे गोल: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. कागदावरची ही चित्रे पाण्यात भिजवून पंखांवर सरकवायची असतात. कांद्याच्या पापुद्र्याहून ती पातळ. हे काम नानांनी स्वतः केले. कोपर टेकले, अर्धा श्वास सोडला. हात थांबला होता.

शेवटी एक निर्णय करायचा होता. पेटीत दोन सोयी असतात: चाके आत मिटून विमान दांडीवर उडते दाखवायचे, किंवा चाके बाहेर काढून जमिनीवर उभे करायचे. मुलीचे मत उडत्या विमानाला होते. माझेही, पेटीवरचे झेपावणारे चित्र मला आवडले होते.

"चाकं बाहेर," नाना म्हणाले. पेटीतला प्लास्टिकचा वैमानिकही त्यांनी बाजूला काढून ठेवला. मुलीने विचारले, "आजोबा, मग आत कोणीच नाही?"

"तो उतरून घरी गेला," ते म्हणाले.

२५ सप्टेंबरच्या रात्री काच बसवली. ही तारीख आम्ही ठरवून गाठली होती, कारण दुसऱ्या दिवशी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, हवाईदल चंदीगडला मिग-२१ ला निरोप देणार होते. १९६३ साली ज्या चंदीगडला हे विमान प्रथम आले, तेथेच बासष्ट वर्षांनी त्याचा शेवट होणार होता. शेवटी उरली होती ती बायसन नावाची विमाने. म्हणजे जुनी बिस, त्यांत नवे रडार आणि नवी यंत्रे बसवलेली. सांगाडे ओझरचे.

शुक्रवार होता. मी तास दुसऱ्या प्राध्यापकांना देऊन घरी राहिलो. नानांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि दूरदर्शनसंचासमोर खुर्ची ओढून बसले. त्यांच्या पुढ्यात टेबलावर आमचे विमान. पडद्यावर भाषणे झाली. ती त्यांनी कामगाराच्या जुन्या सवयीने सोसली. मग विमाने उडाली. हवाईदलप्रमुख स्वतः एक मिग चालवीत होते. त्या ओळखीच्या गडगडाटाने आमच्या संचाचा पत्रा थरथरला. एवढ्या वेळात नानांनी एकदाही माझ्याकडे पाहिले नाही. त्यांची नजर उडणाऱ्या विमानांवर नव्हतीच, असे मला नंतर वाटले. ते धावपट्टी दिसायची वाट पाहत होते.

मग एकेक विमान खाली आले. चाके टेकली, मागे धूर उठला, विमाने धावत धावत मंद झाली. दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडवून त्यांना मानवंदना दिली. इंजिने बंद झाली. निवेदक पुष्कळ बोलत होता, पण आमच्या खोलीत एकाएकी शांत झाले.

नानांचा उजवा हात खुर्चीच्या लाकडी हातावर होता. तेथून आवाज आला: टक, टक. हात रिकामा आहे, म्हणून कंप सुटला असेल, असे मला वाटले; मी तिकडे पाहिले. पण हात स्थिर होता. आणि कंप काही मोजून दोनदाच होत नाही.